मॉनिटर बंद पडला? आधी शून्य रुपये खर्च करा

वेळापुरात मॉनिटर बंद पडला की पहिला खर्च सुट्या भागाचा नसतो, हेलपाट्याचा असतो. अकलूज दहा-बारा किलोमीटर, पंढरपूर तीसेक, सोलापूर शंभराच्या घरात. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं मागं बसून मॉनिटर पोटाशी धरायचा. दुकानात पोचल्यावर ऐकायचं, "ठेवून जा, उद्या फोन करतो." म्हणजे दुसरी खेप आलीच. दोन खेपांचं पेट्रोल, दोन माणसांचे दोन अर्धे दिवस, आणि शेवटी कळतं की मॉनिटरला काही झालंच नव्हतं, केबल सैल होती.

घरचा, भावकीतला आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा असे मॉनिटर मी गेल्या काही वर्षांत उघडले आहेत. काही सुरू झाले, एक कायमचा गेला. झालेला खर्च एका वहीत लिहीत गेलो. त्या वहीनं एक गोष्ट शिकवली: मॉनिटरच्या दुरुस्तीत सर्वांत महाग पडतं ते चुकीचं निदान. म्हणून हे मार्गदर्शन बिघाडांच्या नावांनी नाही, खर्चाच्या पायऱ्यांनी लावलं आहे. खालची पायरी संपल्याशिवाय वरच्या पायरीवर पैसे टाकायचे नाहीत.

इथले सगळे दर अंदाजे आहेत. दुकान, कंपनी आणि मॉडेल यांप्रमाणे ते थोडे खालीवर होतील.

पहिली पायरी: खर्च ० रुपये

दहा-पंधरा मिनिटं लागतात. मॉनिटरला स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही.

सुरुवात मॉनिटरच्या बारीक दिव्यापासून. दिवा लागतच नसेल तर वीज आत पोचत नाही. दिवा नारिंगी असेल किंवा उघडझाप करत असेल तर बहुतेक वेळा वीज ठीक आहे, पण सीपीयूकडून चित्र येत नाही. दिवा निळा किंवा पांढरा स्थिर आहे आणि पडदा काळा, तर संशय पडद्यामागच्या उजेडावर, म्हणजे बॅकलाइटवर घ्यायचा.

दिवाच लागत नसेल तर त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. सॉकेट चांगलं निघालं तर पुढची युक्ती करा. वायर थेट मॉनिटरमध्ये जात असेल, मध्ये ॲडॉप्टरचा डबा नसेल, तर ती तीन पिनांची वायर आणि सीपीयूची वायर सहसा एकसारखीच असते. दोन्हींची अदलाबदल करा. मॉनिटर लागला आणि सीपीयू बंद पडला, तर वायर गेली. निदान झालं, तेही फुकट.

दिवा लागतो पण चित्र नाही, तर मॉनिटर चालू ठेवून चित्राची केबल काढा. धड मॉनिटर अशा वेळी 'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' असं काहीतरी पडद्यावर दाखवतो, मग झोपी जातो. ही पाटी स्वच्छ दिसली तर वीजपुरवठा, बॅकलाइट आणि पडदा तिन्ही चालू आहेत. बिघाड केबलमध्ये आहे, सीपीयूत आहे, नाहीतर फार तर केबलच्या खोबणीत. पाटी दिसल्यावर लगेच मॉनिटर उचलून दुकान गाठू नका. ही एक तपासणी केली असती तर माझे निम्मे हेलपाटे वाचले असते.

केबल परत लावताना मॉनिटरचं इनपुट तपासा. केबल एचडीएमआयची आणि इनपुट व्हीजीएवर, हा घोळ घरात लहान मूल असेल तर हमखास होतो. सीपीयूत वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावायची, वरच्या मदरबोर्डच्या खोबणीत नाही. लॅपटॉपला जोडलेला मॉनिटर काळा असेल तर विंडोजचं बटण दाबून 'पी' दाबा. चित्र कोणत्या पडद्यावर पाठवायचं ते तिथं ठरतं. कंट्रोल, शिफ्ट, विंडोज आणि 'बी' ही चार बटणं एकत्र दाबली की ग्राफिकची यंत्रणा नव्यानं सुरू होते. अडकलेलं चित्र कधीकधी एवढ्यानंच परत येतं.

मॉनिटर दोषी की सीपीयू, हे अजूनही ठरत नसेल तर टीव्हीची मदत घ्या. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल मॉनिटरला लावा. मालिका दिसली तर मॉनिटर धड आहे. उलट सीपीयूची केबल टीव्हीला लावा. तिथंही काळोख असेल तर दोष सीपीयूत. पंखा फिरतोय पण चित्र नाही, अशा सीपीयूत बऱ्याचदा रॅम सैल झालेली किंवा तिच्यावर काट चढलेली असते. प्लग काढून रॅम बाहेर घ्या, तिची सोनेरी पट्टी शाळेच्या खोडरबरानं हलकेच पुसा आणि 'कट' आवाज येईपर्यंत परत दाबून बसवा. सीपीयू वॉरंटीत असेल आणि त्यावर सील असेल तर मात्र हात लावू नका.

चित्र येतं पण रेघा, डाग किंवा रंगांचा घोटाळा आहे? मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूवरही तीच रेघ आली तर दोष मॉनिटरचा. मेनू स्वच्छ असेल तर संशय आधी केबलवर आणि ग्राफिक कार्डवर. दुसरी खूण: संगणकात स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाहा. त्या चित्रातही रेघ असेल तर मॉनिटर निर्दोष.

जुन्या व्हीजीए केबलवर सगळा पडदा पिवळट दिसला तर निळा रंग पोचत नाही. गुलाबी-जांभळा दिसला तर हिरवा. निळसर-हिरवा दिसला तर लाल. तोंडाशी पाहा, एखादी पिन वाकलेली असते. चिमट्यानं सरळ करा. १५ पैकी ९ नंबरची पिन अनेक केबलना मुळातच नसते, ती तुटली म्हणून घाबरू नका.

शेवटची तपासणी मोबाइलच्या टॉर्चची. खोलीत अंधार करा, मॉनिटर चालू करा आणि टॉर्च तिरका धरून पडद्याच्या अगदी जवळ न्या. उजेडाच्या वर्तुळात चिन्हं किंवा अक्षरं पुसट दिसली, तर चित्र बनतंय, मागचा उजेड तेवढा गेलाय. हे कळल्यावर "पॅनेल गेलंय" असं सांगून नवा मॉनिटर गळ्यात मारणं कोणालाही अवघड जातं.

पडद्यात किडा गेला तर

उसाच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडाला ट्यूबभोवती चिलटं जमतात, तशी ती मॉनिटरच्या उजेडाकडेही येतात. कडेच्या फटीतून एखादं आत शिरतं आणि काचेमागं चालताना दिसतं. बोटानं दाबू नका. दाबलं तर ते तिथंच मरतं आणि डाग कायमचा राहतो. तो काढायला अख्खं पॅनेल सोडवावं लागतं. मॉनिटर बंद करा, खोलीतले दिवे घालवा आणि पडद्याच्या कडेला बाहेरून टॉर्च लावून ठेवा. किडा उजेडाकडे सरकत बाहेर पडण्याची बरीच शक्यता असते. खर्च शून्य, फक्त दम धरावा लागतो.

दुसरी पायरी: १०० ते ९०० रुपये

इथं उघडायचं काही नाही, फक्त बदलायचं. विजेची वायर १०० ते २००, व्हीजीए केबल १०० ते २५०, एचडीएमआय केबल १५० ते ३००. दीड मीटरची केबल पुरते. घरच्या २२ इंची मॉनिटरसाठी सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल घेऊन चित्र जास्त चांगलं दिसत नाही.

बाहेर ॲडॉप्टर असलेल्या मॉनिटरमध्ये बऱ्याचदा तोच जातो. ४०० ते ९०० रुपयांत नवा मिळतो, पण घेताना तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत: १२, १४, १९, जे मॉनिटरच्या पाठीवर छापलं असेल ते. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. पिनेची जाडी आणि आतला-बाहेरचा ध्रुव जुळला पाहिजे. त्याची खूण लेबलवर वर्तुळात असते. "१२ चा आहे, १४ ला चालतोय बघा" असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. ॲडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. संगणकाच्या ॲडॉप्टरला ही नोंदणी सक्तीची आहे.

एक सावधगिरी. मल्टिमीटरवर १९ व्होल्ट दाखवणारा ॲडॉप्टरही नादुरुस्त असू शकतो. ओझं नसताना तो आकडा बरोबर दाखवतो आणि मॉनिटर जोडला की कोलमडतो. म्हणून शक्य असेल तर शेजारपाजारचा त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि ध्रुव जुळणारा ॲडॉप्टर लावून खात्री करा, मगच नवा घ्या.

तिसरी पायरी: मागचं झाकण उघडणं

आधी वर्ष पाहा. बहुतेक नामांकित कंपन्या मॉनिटरला ३ वर्षांची वॉरंटी देतात. पाठीवरच्या लेबलवर उत्पादनाचा महिना आणि सीरियल नंबर असतो. वॉरंटीत असेल तर झाकणाला हात लावू नका, थेट कंपनीचा टोल-फ्री नंबर लावा.

दुसरं, जिवाची गोष्ट. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, पण पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ती जवळपास ३२५ व्होल्ट होऊन साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहते. प्लग काढा, किमान अर्धा तास थांबा, मग मल्टिमीटरनं त्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजा आणि आकडा शून्याजवळ आल्याखेरीज बोट लावू नका. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून तो रिकामा करायची मर्दुमकी नको. एलईडीच्या आधीच्या मॉनिटरमध्ये बारीक ट्यूब असतात; त्यांना चालवणारा बोर्ड हजार व्होल्टच्या घरात वीज तयार करतो आणि त्या ट्यूबमध्ये पारा असतो. काचेच्या नळीचा, मागं कुबड असलेला जुना मॉनिटर तर घरी उघडायचाच नाही. तिथं मामला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा असतो.

ज्याला घरातला बोर्ड उघडून वायर जोडायचीही सवय नाही, त्यानं इथं थांबून कारागिराकडे जावं. त्यात कमीपणा नाही.

उघडायचंच ठरवलं तर सोलापुरी चादर चार घड्या करून टेबलावर पसरा आणि मॉनिटर त्यावर पालथा ठेवा. आधी स्टँड काढा. नव्या मॉनिटरना स्क्रू थोडे आणि खटके जास्त असतात. फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवत कडेकडेनं फिरवलं की ते एकामागून एक सुटतात. जिथं अडेल तिथं जोर लावायचा नाही, एखादा स्क्रू राहिलाय असं समजायचं. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. स्क्रू वाटीत नको, कागदावर मॉनिटरचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथं चिकटपट्टीनं लावा.

आत सहसा दोन बोर्ड दिसतात. विजेची वायर येते तो पॉवर बोर्ड, चित्राची केबल येते तो मेन बोर्ड. पॉवर बोर्डावर पिंपासारखे उभे कपॅसिटर असतात. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो आणि त्यावर फुलीसारखी किंवा इंग्रजी 'के'सारखी चीर असते. गेलेल्याचा माथा भाकरीसारखा फुगलेला असतो, कधी तपकिरी चीक बाहेर आलेला. मॉनिटर चार-पाचदा बटण दाबल्यावर लागत असेल, तापल्यावर नीट चालत असेल किंवा दिवा लुकलुकत राहत असेल, तर आधी इथंच बघायचं.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी जास्त, आणि तापमान १०५ अंशांचं. कपॅसिटरच्या अंगावर ज्या बाजूला पट्टी असते ती ऋण बाजू. उलटा लावला तर फुटतो. एका कपॅसिटरला ५ ते २० रुपये पडतात. अकलूज-पंढरपुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात विचारा. नाहीच मिळाला तर पुण्याला कोणी जाणार असेल त्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात, तपकीर गल्लीत पाठवा.

आता माझ्या वहीतला हिशेब. माझ्या मॉनिटरला एका दुकानात "पॅनेल गेलंय, नवीनच घ्या" असं सांगितलं होतं. घरी टॉर्च लावला तर चित्र दिसलं, उघडल्यावर दोन फुगलेले कपॅसिटर सापडले. किंमत दोघांची मिळून ३० रुपये. ही गोष्ट ऐकून लोक खूश होतात, पण पुढचं सांगितलं पाहिजे. मल्टिमीटर ३००, सोल्डरिंग आयर्न २२०, सोल्डरची तार ८० आणि जुना सोल्डर ओढायचा पंप १००. म्हणजे ३० रुपयांचे कपॅसिटर मला ७३० ला पडले. अवजारं पुढे कामाला आली हे खरं, पण आयुष्यात एकदाच मॉनिटर उघडायचा असेल तर कारागिराला तीनशे-चारशे रुपये मजुरी देणं स्वस्त.

चौथी पायरी: कारागिराचं काम

टॉर्चमध्ये चित्र दिसतं, कपॅसिटर ठीक आहेत, तर बॅकलाइटची एलईडी पट्टी किंवा तिचा ड्रायव्हर गेला असावा. चित्र दोन सेकंद येऊन गायब होणं ही याचीच खूण. पट्टीत खोट दिसली की बोर्ड स्वतःच वीज तोडतो. पट्टी बदलायला पॅनेल सुटं करावं लागतं. ते काम स्वच्छ, बंद खोलीत करायचं असतं. आत गेलेला धुळीचा एक कण पुढे कायम काळा ठिपका म्हणून दिसतो आणि पॅनेलच्या कडेची कागदासारखी पट्टी जराशी दुमडली तर सगळंच संपतं. हे घरी करू नका. मजुरीसह ८०० ते १,५०० रुपये लागतात.

पॉवर बोर्ड दुरुस्त करायला ४०० ते ८००. जुना पण चालू बोर्ड मिळाला तर ५०० ते १,२००. मेन बोर्ड गेला असेल तर काही कारागीर कोणत्याही पॅनेलला चालणारा 'युनिव्हर्सल' बोर्ड बसवतात, साधारण ९०० ते १,६००. मॉनिटर चालू होतो, पण त्याची मूळची बटणं, मेनू आणि कधी रंगही बदलतात. ते आधी विचारून घ्या.

मॉनिटर गाडीवर न्यायचाच झाला तर स्टँड घरी ठेवा, पडद्यावर त्याच मापाचा पुठ्ठा लावा, वरून चादर गुंडाळा आणि उभा धरा. मांडीवर आडवा ठेवून वर हात रेललात तर गतिरोधकावर पडदा फुटतो. घरातून निघताना अडीचशे रुपयांचं काम असतं, दुकानात पोचेपर्यंत त्याचं भंगार झालेलं असतं. आषाढीच्या दिवसांत, ज्ञानोबामाउलींची पालखी वेळापूर मुक्कामी येते तेव्हा रस्ते वळवलेले असतात. त्या आठवड्यात ही खेप काढू नका. काम अडलं असेल तर टीव्हीलाच एचडीएमआय केबल लावून भागवा.

पाचवी पायरी: इथं थांबायचं

पडद्याला तडा, शाई सांडल्यासारखा काळा डाग, वाढत जाणाऱ्या उभ्या रेघा. हे पॅनेलचे रोग. सुट्या पॅनेलची किंमत आणि मजुरी धरली तर ती नव्या मॉनिटरच्या जवळ जाते. रेघेवर बोट दाबलं की ती जाते, म्हणून आत पुठ्ठ्याची घडी कोंबून देणारे कारागीर भेटतील. ते काम टिकत नाही. ती जोडणी नीट करायला खास यंत्र लागतं आणि ते मोठ्या शहरांतच असतं.

वहीतली माझी चूक इथली. एका जुन्या १९ इंची मॉनिटरला मी ९०० रुपयांचा बोर्ड बसवून घेतला. पडद्यावर आधीच एक बारीक रेघ होती, तिच्याकडे काणाडोळा केला. तीन महिन्यांत एकीच्या चार झाल्या. त्या नऊशे रुपयांत मी फक्त रेघा नीट दिसायची सोय करून घेतली होती.

दुरुस्ती की नवा?

आजचे अंदाजे भाव असे:

- दुकानात नुसती तपासणी: १०० ते ३०० रुपये (काम दिलं तर ही रक्कम बिलात वळती होते का, ते विचारा)
- कपॅसिटर बदलणं, मजुरीसह: ३०० ते ५००
- ॲडॉप्टर: ४०० ते ९००
- बॅकलाइट पट्टी, मजुरीसह: ८०० ते १,५००
- युनिव्हर्सल बोर्ड, मजुरीसह: ९०० ते १,६००
- कार्यालयातून निघालेला वापरलेला १९ इंची मॉनिटर: १,५०० ते २,५००
- नवा २२ इंची फुल एचडी: ६,००० ते ८,०००
- नवा २४ इंची: ७,५०० ते १०,०००

३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर जीएसटी १८ टक्के आहे, आणि सांगितलेला भाव करासह की कराशिवाय हे पहिल्या फोनवरच विचारायचं.

मी वापरतो तो नियम असा. मॉनिटर ३ ते ६ वर्षांचा असेल तर नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशापर्यंत खर्च करा. त्याहून जुना असेल तर एक चतुर्थांशापर्यंत. या आकड्यात पेट्रोल आणि बुडालेला दिवसही धरायचा. म्हणजे ७,००० रुपयांना नवा मिळत असेल आणि तुमचा ८ वर्षांचा असेल, तर १,७५० च्या पुढे एक रुपयाही नाही. दीड हजाराची बॅकलाइट पट्टी अधिक अकलूजच्या दोन खेपा म्हटलं की तो आकडा गाठला गेलाच.

"नवा घ्या, लाईट बिल वाचेल" असं दुकानदार सांगेल. खरं आहे, पण थोडंच. जुना ट्यूबवाला मॉनिटर नव्या एलईडीपेक्षा पंधरा-वीस वॉट जास्त खातो. रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तरी फरक चाळीसेक युनिटचा. त्या बचतीत नव्या मॉनिटरची किंमत निघत नाही.

पावती आणि हक्क

मॉनिटर दुकानात ठेवताना चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहून घ्या: सीरियल नंबर, तुम्ही सांगितलेला बिघाड, खर्चाचा अंदाज, 'विचारल्याशिवाय जास्त खर्च करू नये' ही ओळ, आणि काम झाल्यावर किती दिवसांची हमी. काढलेले जुने भाग परत मागा. फुगलेला कपॅसिटर हातात देणारा कारागीर भरवशाचा. झाकण उघडण्याआधी पडद्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे "हा डाग आधीचाच होता" यावर वाद होत नाही.

वॉरंटीसाठी पक्कं बिल लागतं. कच्च्या पावतीवर वाचवलेले चार पैसे तिथं महागात पडतात. टोल-फ्री नंबरवर पिनकोड सांगून विचारा, घरी माणूस येणार का, की मॉनिटर आणून द्यावा लागेल. तक्रार क्रमांक लिहून घ्या. फुटलेला पडदा आणि विजेच्या झटक्यानं झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

कंपनी किंवा दुकान दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. तिथंही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पुण्यात घेतलेल्या वस्तूसाठी पुण्याला जावं लागत नाही, सोलापूरला चालते. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत हवी. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइनही नोंदवता येते. तिथं उपयोगी पडणार ती वरची पाच ओळींची चिठ्ठीच.

परत बंद पडू नये म्हणून

मॉनिटरच्या लेबलवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. म्हणजे व्होल्टेज कमी झालं म्हणून तो सहसा जळत नाही, आणि केवळ मॉनिटरसाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. त्याला मारतात ते तीन प्रकार. गेलेली लाईट परत येतानाचा झटका. खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात घुसणारी जादा वीज. अशा वेळी बल्ब एकदम लख्ख होतात, तिथंच मेन स्विच पाडायचा आणि महावितरणला १९१२ वर कळवायचं. तिसरं, वळवाच्या पावसातली कडाडणारी वीज. तिच्यापुढं तीनशे रुपयांचा स्पाइक गार्ड काही करू शकत नाही. आभाळ भरून आलं की प्लग आणि इंटरनेटची तांब्याची वायर, दोन्ही काढून ठेवणं हाच उपाय. रोज संगणकावर पोट असेल त्यांनी २,५०० ते ३,५०० चा यूपीएस घ्यावा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं.

पडदा काच पुसायच्या फवाऱ्यानं पुसू नका, वरचा थर उतरतो. मऊ सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि मॉनिटर बंद असताना पुसा.

जो मॉनिटर खरंच संपला, तो भंगारवाल्याकडे शंभर-दोनशे रुपयांना जातो, पण ट्यूबवाला असेल तर फोडून देऊ नका. आत पारा आहे. नवा घेताना जुना परत घेतात का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रापर्यंत पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आणि आज मॉनिटर ठणठणीत असतानाच पाच मिनिटांचं एक काम करा. पाठीवर कागदी चिकटपट्टी लावा आणि पेननं लिहा: कधी घेतला, बिल कुठल्या फाईलला आहे, ॲडॉप्टर किती व्होल्टचा, कंपनीचा फोन, आणि आजवर काय-काय बदललं. माझ्या मॉनिटरच्या पट्टीवर दोन ओळी आहेत. तिसरी लिहायची वेळ येईल तेव्हा नव्याचा भाव विचारायचा, हेही तिथंच लिहून ठेवलंय.